गिऱ्हाइकाला कुणी रागावत नाही

४ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र काल दुपारी पोचलं. पाकिटावर तुमचं मुख्याध्यापिकेचं अक्षर दिसलं की माझी पाठ अजून आपोआप ताठ होते. तुम्ही निवृत्त झालात हे माझ्या पाठीला कुणी कळवलेलं नाही.

पत्र आधी उभ्याने वाचलं, मग मशीनवर बसून वाचलं. तुमचं म्हणणं असं, की भिंगरी आता चौथी संपवून पाचवीत जाणार, तेव्हा तिला शहरात तुमच्याकडे पाठवावं आणि तिथल्या नावाजलेल्या शाळेत घालावं. तिचे आईबाप, म्हणजे माझी मुलगी आणि तुमचा मुलगा, बोगद्याच्या कामावर. तिथे पत्र्याच्या खोल्या आणि सुरुंगाचे आवाज, शाळेचं नाव नाही. म्हणून पोर पहिलीपासून माझ्याकडे आहे. आता दोघांनी निर्णय आपल्यावर सोपवलाय. डोंगर फोडायला घाबरत नाहीत, आपल्या दोघांच्या मध्ये पडायला घाबरतात.

मी मुलीकडचा. मला नाही म्हणायची सवय नाही आणि तुम्हाला ते ऐकायची नाही. म्हणून नाही म्हणत नाही, फक्त माझी बाजू मांडतो.

माझं दुकान शाळेच्या फाटकासमोर. आधी बापांचे गणवेश शिवले, आता त्यांच्या पोरांचे शिवतो. मधल्या सुट्टीत पोरं रस्ता ओलांडून येतात. कुणाचं बटण तुटलेलं असतं, कुणाचा पट्टा सैल झालेला, आणि एखादं नुसतं रडायलाच येतं. भिंगरी कापायच्या टेबलाखाली बसून खडूचे तुकडे गोळा करते आणि रडणाऱ्याला त्यातला एक देते. या शाळेत एक जुनी रीत आहे. वर्गात कुणी आलं नाही, की शेजारी बसणाऱ्याने संध्याकाळी त्याच्या घरी जायचं आणि आज काय शिकवलं ते सांगायचं. ही रीत कुणी पाडली ठाऊक नाही. कुणी गेलं नाही तर मास्तर काही म्हणत नाहीत, पण आजारी पोराची आई दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठून विचारते.

मी स्वतः चार इयत्ता शिकलेला. पुढचं सगळं रद्दीवाल्याच्या ढिगातलं. त्यात समाजशास्त्राची जाडजूड पुस्तकंही होती, निम्मी डोक्यावरून गेली. जे उरलं त्यातून एवढं समजलं, की पोर एकट्या घराने घडत नाही. रस्त्यात हटकणारी, 'तू अमक्याचा ना, इकडे काय करतोस?' असं विचारणारी मोठी माणसं लागतात. शाळा ही त्या रस्त्याचीच एक खोली. आता पुलापलीकडे नवी शाळा निघालीय. पिवळ्या बस, दाराखालून सरकवलेली पत्रकं, आमच्याकडे या, आमच्याकडे या. विहीणबाई, शाळेचं दुकान झालं की पोराचं गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाइकाला कुणी रागावत नाही. मी कधी रागावलो नाही. कापड कसलंही आणोत, छान आहे म्हणतो.

सावकाश विचार करून लिहा. भिंगरी म्हणते, आजीला सांगा माझा दात पडला.

तुमचा व्याही


११ एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

दाताची बातमी मिळाली. बाकीच्या पत्राला उत्तर देते.

स्वतः दुकान थाटून दुकानाला नावं ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. गिऱ्हाइकाला कुणी रागावत नाही, हे खरं. पण गिऱ्हाइकाला कुणी गृहीतही धरत नाही. तुमच्या शाळेने धरलंय. भिंगरीने मला लिहिलं, की गणिताच्या बाई थंडीत बदलून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्या तासाला आम्ही चित्रं काढतो. चित्र चांगलं काढते. तुमच्या कात्रीचं एक पाठवलंय. पण कात्रीने भागाकार येत नाही.

मी शाळा चालवलेली आहे. पोरं राहिली काय, गेली काय, आपलं चाललंय ते चालतंच, असं एकदा ठरलं की चांगल्यातला चांगला शिक्षकही खुर्चीत मुरतो. मीही मुरत होते. मग आमच्या समोर दुसरी शाळा उघडली आणि मला पहाटे जाग येऊ लागली. माझी सगळ्यात चांगली वर्षं ती. हातचं जाईल या भीतीने माणूस नीट वागतो. तुम्ही आजूबाजूला एकटेच शिंपी होतात, त्याचा पुरावा माझ्याकडे फोटोत आहे. माझ्या मुलाने लग्नात तुमचा कोट घातला. एकाही फोटोत त्याला मान वळवता आलेली नाही.

मला नव्या विचारांची बाई समजू नका. मलाही पाढे हवेत, शिस्त हवी, मोठं माणूस आलं की पोराने उठून उभं राहायला हवं. तुम्हालाही तेच हवं. आपलं भांडण एवढंच, की हे सगळं कुणाच्या हाती सोपवायचं. मी म्हणते, घराच्या. पोर कुठे शिकेल ते आईबापांनी ठरवावं. शिक्षण खात्याच्या कचेरीने ठरवू नये, आणि तुमच्या त्या रस्त्यानेही ठरवू नये. रस्ता जसा चांगल्याला सांभाळतो तसाच ढिल्यालाही झाकून घेतो.

इथल्या शाळेत ओळखीने जागा मिळत नाही, परीक्षा द्यावी लागते. पोर हुशार आहे, मिळेल. सुट्टी लागली की पाठवा. घर मोठं आहे, वरच्या मजल्यावर असल्याने उजेड भरपूर, आणि तिच्यासाठी एक खोली मोकळीच आहे.

विहीण


२२ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

कोटाची मान घट्ट झाली होती. मी ते त्याच दिवशी पाहिलं होतं, पण मांडवात कोण बोलणार.

भागाकाराला माझ्याकडे उत्तर नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर तिला समोर बसवून विचारलं, आजीकडे जाशील का. तिने विचारलं, तिथे टेबल आहे का. म्हटलं, चांगलं लिहायचं टेबल असेल. तर म्हणाली, वरचं नाही, खालचं.

पाठवतो. शेजारच्या नर्सबाई त्या बाजूला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर येईल. तिला सकाळी घाई केली की ती गप्प होते, मग दुपारपर्यंत बोलत नाही. रागावलात तर चालेल, पण रागावून झाल्यावर काहीतरी काम सांगा, म्हणजे तिला कळतं की संपलं. गणवेशाचं कापड कसं असतं ते कळवा. मापं माझ्याकडे आहेत, शिवून पाठवतो.

व्याही


१८ जून

व्याहीबुवा, नमस्कार.

आधी आनंदाची बातमी. भिंगरी परीक्षेत वरच्या मुलांत आली, जागा मिळाली, शाळा सुरू झाली. तुमच्या मुलीचा आणि माझ्या मुलाचा फोन आला होता. मागे सुरुंग चालू होते, तरी आनंद ऐकू आला.

गणवेशाचं मात्र तुम्हाला सांगायचं राहिलं. तो शाळेच्याच दुकानातून तयार घ्यावा लागतो, बाहेरचा चालत नाही. तिच्या अस्तन्या बोटांवर येतात. मी म्हटलं, वाढशील. ती म्हणाली, आबांनी आत दुमडून दिल्या असत्या.

शाळा उत्तम. शिक्षकांना उसंत नाही, मुलांना नाही, कुणी जांभई देताना दिसत नाही. संध्याकाळी आम्ही दोघी खिडकीशी चहा-दूध घेऊन बसतो आणि ती मला दिवसभराचं सगळं सांगते. घर भरून गेलंय.

तुमच्या शाळेचं काय? गणिताला कुणी आलं का, की अजून चित्रंच?

विहीण


२ जुलै

विहीणबाई, नमस्कार.

बातमी वाचून सगळ्यांना सांगत सुटलो. इस्त्रीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, एका अनोळखी माणसालाही सांगितलं, तो नुसता पत्ता विचारायला आला होता.

आमचीही शाळा जोरात सुरू झालीय. गणिताला नव्या बाई आल्या. उंच आहेत, चष्मा लावतात, खडू मोडेपर्यंत लिहितात. पहिल्याच आठवड्यात वर्गाकडून भागाकार करून घेतले. पटांगणात धूळ उडते ती माझ्या मशीनपर्यंत येते. मधल्या सुट्टीत दुकान भरून जातं, मान वर करायला फुरसत नाही. भिंगरीच्या शेजारी बसायची ती मुलगी, लाल रिबिनवाली, रोज विचारते ती कधी येणार. सांगा तिला, टेबलाखालचे खडू मी झाडून टाकलेले नाहीत.

तुम्ही दोघी खिडकीशी बसता हे वाचून बरं वाटलं. एवढं एकच विचारायचं होतं, ते तुम्ही आधीच लिहिलंत.

व्याही


१० ऑगस्ट

व्याहीबुवा,

मान वर करायला फुरसत नाही म्हणता आणि चार पानं लिहिता.

उशीर झाला, रागावू नका. इकडे चाचणी परीक्षा चालू असतात, एक संपली की दुसरी. भिंगरीचा क्रम वर चढतोय. पत्र तिनेच लिहायचं होतं, पण राहून जातं.

तुमच्या गणिताच्या बाईंमुळे मला फार समाधान वाटलं, का ते सांगते. पुलापलीकडे नवी शाळा आली नसती तर तुमच्याकडे या बाई कधी आल्या असत्या का? कचेरीला जाग आली ती त्या पिवळ्या बस पाहून. म्हणजे ज्या चढाओढीला तुम्ही शिव्या दिल्यात तिनेच तुमची शाळा सावरली. एवढं कबूल करा, मी आणखी काही मागत नाही.

विहीण


२५ ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

कबूल करवत नाही. बाई आल्या त्या पिवळ्या बसमुळे आल्या असं तुम्ही कशावरून म्हणता? आईबापांनी कचेरीत जाऊन ठाण मांडलं असेल, लाज काढली असेल. माणूस भीतीने सुधारतो तसा लाजेनेही सुधारतो, आणि लाज वाटायला आधी माणसं ओळखीची असावी लागतात. बाजारात कुणाला कुणाची लाज?

बाई बाकी छान शिकवतात. परवा पोरांना पटांगणात नेऊन दोरीने गोल आखायला शिकवलं.

सध्या मी एका लॉजचे पडदे शिवतोय. गणवेशाचं काम आटपलंय, म्हणून. पडदे शिवायला सोपे असतात, सरळ रेषा. मात्र कुणी ते घालून बघायला येत नाही.

भिंगरीचं दोन ओळींचं तरी पत्र धाडा. आजी सांगेल तसं लिहिलं तरी चालेल.

व्याही


२१ सप्टेंबर

व्याहीबुवा,

हे पत्र नीट बसून वाचा. भिंगरी आता बरी आहे, हे आधी सांगते.

तिला ताप आला होता. बरेच दिवस उतरेना. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं. पहिल्या दिवशी दुपार कलली तशी ती अंथरुणातून उठली, केस विंचरले, आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत आणून आपल्या पलंगाशी ठेवली. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, आता कुणीतरी येईल ना. मला वाटलं तापात बरळते. मग म्हणाली, माझ्या शेजारी बसते ती येईल, आज काय झालं ते सांगायला. तुमची ती रीत मला पत्रातून माहीत होती, तरी लक्षात यायला वेळ लागला.

मी तिला सांगितलं नाही की इथे तसं नसतं. दार वाजलं की ती मान उचलायची. इस्त्रीचे कपडे आले, गॅसवाला आला, वरच्या मजल्याचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी परत खुर्ची. तिसऱ्या दिवशी मी शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईला फोन केला. बाई चांगल्या घरच्या, बोलणं गोड. म्हणाल्या, परीक्षा तोंडावर आहे, आम्ही वह्या कुणालाच देत नाही, तुम्ही शिक्षण क्षेत्रातल्या, तुम्हाला समजेल. मला समजलं. हे मीच आयुष्यभर सांगत आले, सभांमधून सांगितलं, वर्तमानपत्रात लिहिलं. पुढच्याची भीती असली की माणूस नीट वागतो. ती बाई नीटच वागत होती.

भिंगरीने विचारलं, येतेय का? मी म्हटलं, तिलाही ताप आहे. खुर्ची तिने स्वतःच उचलून आत नेऊन ठेवली.

मी रात्रभर विचार केला नाही, माझ्या वयात रात्रभर विचार केला तर सकाळी उठवत नाही. पण सकाळी उठून शाळेत गेले आणि तिचं नाव काढून टाकलं. तुमच्याकडे शाळा आहे, गणिताला बाई आहेत, लाल रिबिनवाली आहे. मग इथे कशासाठी? तुम्ही जिंकलात असं अजून म्हणत नाही. वाद चालू राहील. पण पोर तुमच्याकडे जाईल. ती अंगाने जरा भरली की मी स्वतः आणून सोडते. तोवर तिच्या वर्गशिक्षकांना कल्पना द्या.

विहीण


२६ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र दुपारी आलं आणि मी लगेच लिहायला बसलो. नाव परत घालता येत असेल तर घाला. आजच जा.

इथे शाळा नाही.

जूनमध्ये फाटक उघडलं तेव्हा पोरं इतकी थोडी आली, की शिपायाने घंटा हलकेच वाजवली. पुलापलीकडे एकामागून एक घरं गेली. मी कुणाला दोष दिला नाही, मीही पोर पाठवलंच होतं. पावसाळ्यात कचेरीतून माणसं आली, उरलेली पोरं लांबच्या दुसऱ्या शाळेत जोडून दिली, बाकं ट्रकमध्ये चढवली. फाटकाला कुलूप आहे. लाल रिबिनवाली पुलापलीकडे जाते. आता दुकानात येत नाही. तिला तिथे मधल्या सुट्टीत बाहेर सोडत नाहीत.

गणिताच्या बाई कधी आल्याच नाहीत, त्या मी मशीनवर बसून रचल्या. जुलैच्या पत्रात वाटलं, खरं लिहिलं तर भिंगरी रडेल, तिचं तिथलं मन उडेल. मग तुम्ही त्या बाईंना चढाओढीचा विजय म्हणालात, तेव्हा त्यांना जायला सांगणं जिवावर आलं. आणि दुसरंही एक आहे. दुपारी तुम्हाला लिहायला बसलो की तेवढा वेळ समोर पोरं खेळायची. पत्र पाकिटात घातलं की पटांगण परत रिकामं. म्हणून चार पानं व्हायची.

आधी नाव घाला. मग मला काय बोलायचं ते बोला.

व्याही


१ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

नाव परत घालता येत नाही. तुमचं पत्र हातात घेऊनच गेले होते. प्रवेशाच्या खिडकीतली मुलगी नम्र होती. म्हणाली, मॅडम, ती जागा दुसऱ्याच दिवशी भरली, बाहेर रांग असते. त्या रांगेचं कौतुक मी लोकांना ऐकवत असे. आसपासच्या बाकी शाळा वर्ष संपल्याशिवाय घेत नाहीत. सगळीकडे विचारून झालं.

मेलेल्या शाळेला चष्मा घालून तिच्याकडून भागाकार करून घेतलेत! मला वर्गात असा मुलगा सापडला असता तर मी त्याला दिवसभर बाहेर उभा केला असता. परवा खूप चिडले होते. दोन पत्रं लिहून फाडली. मग तिसऱ्यात तुम्हाला काय काय सुनवायचं ते ठरवत होते, तेव्हा माझीच पत्रं आठवली.

खिडकीशी बसून चहा-दूध घेतो आणि ती मला सगळं सांगते, असं मी लिहिलं होतं. खिडकी आहे. बाकी काही नाही. ती दिवेलागणीला यायची. शाळा, मग शाळेचीच शिकवणी, मग बस. बुटांसकट खुर्चीत झोपायची, मी बूट काढायचे. दिवसभर मी दाराकडे कान लावून असायचे, आणि ती आली की आवाज न करता वावरायचे. घर भरून गेलंय असं मी लिहिलं, तेव्हा ती शाळेत होती आणि मी टेबलाशी एकटी बसले होते. तुमच्या बाई खोट्या होत्या, तशीच माझी संध्याकाळ. म्हणून जास्त काही बोलत नाही.

आता ठरवायचं ते मी ठरवलंय. पुलापलीकडच्या त्या शाळेत फोन केला. त्यांच्याकडे पाचवीत जागा आहेत, कधीही या म्हणतात. मुलाशी आणि सुनेशी बोलले, त्यांची हरकत नाही. भिंगरी तुमच्याकडे राहील आणि पिवळ्या बसने त्याच शाळेत जाईल. दुपार संपायच्या आत घरी येते, हे मी दोनदा विचारून घेतलं. तुम्हाला ती शाळा आवडत नाही, मलाही तिच्याविषयी फार माहिती नाही. मी इतके महिने शाळा निवडत होते. आता घर निवडते.

तुम्हाला आनंद होईल तो पत्रात लपवू नका. मी शिक्षिका आहे, लपवलेलं मला लगेच दिसतं, आणि ते जास्त लागतं.

विहीण


३० ऑक्टोबर

विहीणबाई, नमस्कार.

भिंगरीला सोडून तुम्ही सुखरूप घरी पोचलात हे मुलीच्या फोनवरून कळलं. बस सुटल्यावर तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. भिंगरीने विचारलं, आजीने बाबांचा कोट घातलाय का. मी हसलो.

लपवू नका म्हणालात म्हणून लिहितो. आनंद झालाय. सकाळी कुणाला तरी उठवायचं असतं, एवढ्यासाठीच मी आता लवकर उठतो.

नव्या शाळेचं सांगायला हवं. मी तिथे फाटकापर्यंत जाताना मनात सगळी वाक्यं तयार ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली, भेटायला या. वाटलं, आता सापडले तावडीत. गेलो तर वर्गशिक्षिका, पोरसवदा बाई, मला म्हणाल्या, तुमची नात तासाला सारखी बोलते, मी तिला उभी केली होती, घरी तक्रार करेल म्हणून तुम्हाला आधीच सांगते, परत बोलली तर परत उभी करीन. विहीणबाई, गिऱ्हाइकाला रागावल्या. नमस्कार करून बाहेर आलो. बाईंनी तिला नंतर फळा पुसायचं काम दिलं होतं, ते भिंगरीने घरी येऊन सांगितलं. काम दिलं म्हणजे संपलं, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

तेव्हा वाद तुम्ही जिंकलात. दुकान असो नाहीतर रस्त्याची खोली, आत उभं राहणारं माणूस बरं हवं, बाकीचं मी उगाच ताणलं. आता या विषयावर लिहायला माझ्याजवळ काही उरलं नाही. यापुढे भिंगरीच तुम्हाला लिहील, तिची खुशाली तिच्याच अक्षरात कळलेली बरी.

एक विचारतो, राग मानू नका. दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. जिना सरळ आहे. इथे राहायला आलात तर पोर दोघांचं होईल.

व्याही


९ नोव्हेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

खोलीबद्दल आधी. तुम्ही विचारलंत, ते मी जपून ठेवलंय. पण येणार नाही. सुट्टीत पाहुणी म्हणून येईन, चार दिवस राहीन, तुमच्या शिवणात खोड्या काढीन आणि परत येईन. विहीण पाहुणी असते तोवर सगळ्यांना हवी असते. शिवाय मी घरात असले की आपोआप मुख्याध्यापिका होते, तुमच्या टेबलाखाली खडू राहणार नाहीत.

आता तुमची माघार. ती पोचली, आणि मी ती स्वीकारत नाही. एका बाईने एका पोरीला उभं केलं, एवढ्यावरून तुम्ही बाजाराच्या बाजूचे झालात? मग माझ्याकडून ऐका. तुमची बाजू तुम्ही रस्त्यावर टाकून दिलीत, ती मी उचलली आहे. घराने आपल्या पोरासाठी निवड करावी, असं मी म्हणत आले. मी निवड केली. भिंगरी गेली आणि तिच्या वर्गातलं एक बाक मोकळं पडलं. तुमच्या शेजाऱ्यांनी निवड केली, आणखी बाकं मोकळी पडली. प्रत्येक घराने शहाणपणाच केला, आणि शेवटी ज्यांच्या घराला निवडता येत नव्हतं त्यांची पोरं ट्रकमागून लांबच्या शाळेत गेली. त्यांना कुणी विचारलं? त्यांच्यातल्या आजारी पोराच्या घरी आता कोण जातं? यावर तुमच्या बाजाराचं उत्तर काय ते मला हवंय. 'उगाच ताणलं' हे उत्तर नाही.

भिंगरीची पत्रं येतात. चार ओळी असतात, त्यातल्या तीन तुमच्याकडच्या मांजरीच्या. पोरांनी तेवढंच लिहावं. पण त्यावर वाद घालता येत नाही. रेडिओवरच्या बातम्यांशी घालून पाहिला, तो आपलंच पुढे बोलत राहतो. इथे सकाळी लिफ्ट वर येते, समोरच्या दाराशी थांबते, पावलं वाजतात, मग दिवसभर काही वाजत नाही.

आमच्या इमारतीत पोस्टमन वर येत नाही, खाली पेटीत टाकून जातो. मी दुपारी उतरतेच. तेव्हा लांब लिहा, चार पानांच्या खाली चालणार नाही, आणि मला पटेल असं काही लिहू नका.

विहीण